रेषा कोणाची, दुरुस्ती कोणाची

(नाशिक येथील एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लिखित मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ व्याख्यान, त्यांच्याविषयी पाच मिनिटं बोलायचं आणि मग आपल्या विषयाकडे वळायचं, असा वक्त्यांचा रिवाज आहे. मला असं वळण घ्यावं लागणार नाही, कारण आजचा विषय, ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान आहे त्या आमच्या सरांच्या वर्गातूनच निघतो. सर शाळेत चित्रकला शिकवत. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला त्यांनी या गावातली कितीतरी मुलं बसवली. त्यांच्या वर्गाचे नियम दोनच. चित्रवहीचं पान फाडायचं नाही आणि प्रत्येक चित्राखाली तारीख घालायची. चित्र बिघडलं तर शेजारच्या पानावर पुन्हा काढा, पण बिघडलेलं तिथंच राहू द्या, असं ते सांगत. आम्हाला ती कागदाची काटकसर वाटायची. पेन्सिल आणि कागद सोडून टॅब्लेटवर गेलेल्या चित्रकाराविषयी बोलताना हेच नियम किती कामाचे आहेत, ते पुढे ओघानं येईल.

या विषयावर दोन भाषणं तयारच असतात. यंत्रानं हाताची कला मारली, हे एक. साधनाला महत्त्व नाही, हाताला आहे, हे दुसरं. पहिलं खरं नाही आणि दुसरं फार सोयीचं आहे. दोन्ही भाषणांत सगळं लक्ष रेषेकडे असतं. रेषेत जीव उरला की गेला, यावरच वाद. मला वाटतं, साधन बदलल्यानं रेषेत पडणारा फरक त्या मानानं थोडा असतो. मोठा फरक व्यवहारात पडतो. चित्र कोण काढतं, त्याला दुरुस्ती कोण सांगतं आणि मूळ चित्र कोणाकडे राहतं, या तीन जागी हिशेब तपासला पाहिजे.

मी बोलतोय ते छापून येणाऱ्या चित्रांविषयी. कथेवरचं चित्र, पुस्तकाचं मुखपृष्ठ, दिवाळी अंक, पाठ्यपुस्तक, कॉमिक. ही चित्रं कोणी भिंतीवर टांगायला काढत नाही. ती हजारो प्रतींतून लोकांच्या हातात पडतात. त्यामुळे हा चित्रकार पहिल्यापासून यंत्राच्या संगतीतच आहे.

आधी एक उदाहरण, ज्यात कागद हेच नवं साधन होतं. नाशिकहून पश्चिमेला पेठ, सुरगाणा, हरसूलच्या वाटेला लागलात की वारल्यांची वस्ती सुरू होते, ती पुढे जव्हार, डहाणू, तलासरीपर्यंत. लग्नघरात भिंतीवर चौक लिहायची त्यांची रीत. सारवलेली कुडाची भिंत, पाण्यात कालवलेलं तांदळाचं पीठ आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी, एवढ्यावर काम चाले. चौकात पालघाट देवी. हे लिहिण्याचा मान सवाष्णींचा. लग्न पार पडलं की चित्राचं काम संपलं. पुढं ते पुसट झालं म्हणून कोणी हळहळत नसे.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी हे चित्रकार या भागात कागद आणि रंग घेऊन गेले. त्यातून जिव्या सोमा म्हसे या वारली चित्रकाराचं नाव जगापुढे आलं. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. आता बघा, रेषेत काय बदललं? टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण म्हणजे माणूस, तारपा वाजवणाऱ्याभोवती गुंडाळत जाणारा नाच, हे सगळं कागदावरही तसंच उतरलं. बारकावा वाढला, गर्दी वाढली, एवढंच. बाकी मात्र सगळं बदललं. चित्राला लग्नाची गरज उरली नाही. ते गुंडाळून मुंबईला नेता येऊ लागलं, विकता येऊ लागलं, त्यावर सही आली. आणि सवाष्णींच्या हातातलं काम पुरुषांच्याही हातात आलं. यात वाईट काही झालं असं मी म्हणत नाही. पाड्यांवर चार पैसे आले, नाव झालं, पुढे बायकाही कागदावर काढू लागल्या. पण साधनबदल कुठं जाऊन लागतो, ते यात स्वच्छ दिसतं. रेषा जवळजवळ तीच राहिली, काढणारा बदलला.

दुसरं उदाहरण आपल्या घरचं. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म त्र्यंबकेश्वरचा, ३० एप्रिल १८७०. आपण त्यांना चित्रपटाचे जनक म्हणतो आणि तिथं थांबतो. पण हा माणूस मुळात चित्रकलेचा विद्यार्थी. १८८५ साली मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला, नंतर बडोद्याच्या कलाभवनात शिकला. तिथं रंगकाम, छायाचित्रण, ब्लॉक, शिळाछापाची तंत्रं, जे हाती लागेल ते शिकून घेतलं. नाटकांचे पडदे रंगवले. पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि नकाशेकाम करणारा म्हणून नोकरी केली. नोकरी सोडून लोणावळ्याला छपाईचा धंदा काढला, रविवर्म्यांच्या छापखान्यासाठी काम केलं. रंगीत छपाई शिकायला १९०९ साली जर्मनीला गेले. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि त्याच वर्षी फाळके नाशिकला येऊन राहिले. १९१५ साली त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ नावाचा छोटा पट केला. आगकाड्या हातानं किंचित सरकवायच्या आणि एकेक चौकट टिपायची. आज ज्याला आपण ॲनिमेशन म्हणतो त्याची भारतातली ही अगदी आरंभीची खटपट.

म्हणजे पेन्सिल, कुंचला, कॅमेरा, शिळा, ब्लॉक, फिल्म. दर टप्प्याला नवं साधन, आणि प्रत्येक वेळी मागचं शिक्षण कामी आलेलं. फाळक्यांच्या आयुष्यात आणखी एक धागा आहे, त्याच्याकडे आपलं लक्ष जात नाही. छापखान्यात भागीदारांशी पटलं नाही, बाहेर पडले. १९१८ साली हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली, तिथंही भागीदारांशी बिनसलं, रागावून काशीला गेले, मग परत आले. स्वभाव होताच, पण कारण तेवढंच नव्हतं. पेन्सिल चित्रकाराच्या खिशात असते. यंत्र महाग असतं, त्याला भांडवल लागतं, आणि भांडवल घालणाऱ्याला मत असतं. साधन मोठं झालं की कलावंताच्या शब्दाला वाटेकरी येतात. टॅब्लेटकडे बघताना हे ध्यानात ठेवा.

आता छपाईकडे येऊ. इथं बसलेल्या चित्रकला महाविद्यालयाच्या मुलांपैकी बहुतेकांनी जस्ताचा ब्लॉक पाहिलेला नसेल, म्हणून एक चित्र छापलं कसं जायचं ते सावकाश सांगतो. कथा हातात आली की चित्रकार पेन्सिलीनं कच्चं काढायचा, त्याला रफ म्हणत. संपादकानं रफ पाहिलं, मान डोलावली, की गुळगुळीत जाड कार्डावर तेच चित्र छापायच्या मापाच्या दीडपट किंवा दुप्पट काढायचं. वर निबनं काळी वॉटरप्रूफ शाई. चुकलं तर पांढऱ्या रंगाचा ठिपका, तोही बेतानं. मग ते कार्ड ब्लॉकमेकरकडे. तो मोठ्या कॅमेऱ्यावर त्याचा फोटो घ्यायचा, निगेटिव्ह जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचा आणि पत्रा ॲसिडमध्ये सोडायचा. रेषेवर लेप असल्यानं ती वाचायची, भोवतालचा धातू खाल्ला जायचा. उंचवट्यावर उरलेली ती रेषा लाकडी ठोकळ्यावर खिळवायची, ठोकळ्याची उंची खिळ्यांच्या म्हणजे टाइपाच्या उंचीइतकी करायची, आणि मजकुराच्या जोडीनं मशीनवर चढवायची.

यात राखाडी रंगाला जागाच नाही. जस्ताच्या रेषा-ब्लॉकला काळं कळतं, नाही तर कोरं. रेषा फार जवळजवळ घातल्या तर मध्ये शाई भरून डाग पडतो. छटा हवी असेल तर हाफटोन ब्लॉक, म्हणजे जाळीतून पाडलेले ठिपके, आणि ते खुलायला गुळगुळीत आर्ट पेपर. वर्तमानपत्राच्या खरखरीत कागदाला जाडी जाळी लागते. रंगीत चित्राला प्रत्येक रंगाचा वेगळा ब्लॉक. म्हणून दिवाळी अंकात रंगीत पानं मोजकी असत आणि ती आर्ट पेपरवर वेगळी छापून अंकात घातलेली असत.

मराठी मासिकांच्या चित्रांना आपण रेषेचं वैभव म्हणतो. त्यातलं बरंचसं या जस्तानं घडवलेलं आहे. वसंत सरवट्यांची रेषा आठवा. ‘ललित’मधली ठणठणपाळाच्या सदराची चित्रं घ्या, पु. ल. देशपांड्यांच्या पुस्तकांतली घ्या. एकसलग, मोकळी, छटेवाचून सगळं सांगणारी. सरवटे पेशानं इंजिनिअर होते. माध्यमाची मर्यादा कळणं आणि तिच्यातच मजा करणं, हे त्यांच्या चित्रांत पानोपानी दिसतं. शि. द. फडणिसांची शब्दाशिवायची हास्यचित्रं, दीनानाथ दलालांच्या कथाचित्रांतली जाड-बारीक होत जाणारी रेषा, ही माणसं थोर होतीच, पण ती छापखान्याला ओळखून काढत होती. दलालांनी १९४५ साली स्वतःचं ‘दीपावली’ काढलं, म्हणजे चित्रकार, संपादक आणि छपाईचा जाणकार एकाच खुर्चीत बसले. १९६७ साली अमर चित्र कथा सुरू झाली तेव्हा सुरुवातीच्या पुस्तकांची आतली पानं पिवळा, निळा, हिरवा अशा मोजक्या रंगांवर भागवलेली होती. राम वाईरकरांनी ‘कृष्ण’ काढला तो अशा काटकसरीच्या काळात.

आणि आपलं नाशिक रोड? १९२५ साली इथं सिक्युरिटी प्रेस उभी राहिली. त्याआधी आपली टपाल तिकिटं लंडनहून छापून येत. १ ऑक्टोबर १९५२ला संत आणि कवींची सहा तिकिटं निघाली: कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि रवींद्रनाथ. फोटोग्रॅव्हर पद्धतीनं नाशिकला छापलेली ती पहिली तिकिटं. मूळ चित्र मोठं काढायचं आणि लहान होऊन नखाएवढ्या जागेत त्याचं काय उरेल ते आधीच ओळखायचं, ही तिथल्या कलाकाराची कसोटी. कागदावर छान दिसणाऱ्या चित्रापेक्षा छापून छान दिसणारं चित्र काढणं म्हणजेच हा पेशा.

मग संगणक आला. तो अचानक आला असं आपल्याला वाटतं. इव्हान सदरलँड यांनी अमेरिकेत एम.आय.टी.मध्ये पडद्यावर प्रकाशाच्या पेननं रेघ ओढून दाखवली ती १९६३ साली. आपल्याकडे नव्वदच्या दशकात पेजमेकर, कोरल ड्रॉ आणि श्रीलिपी आली, खिळे जुळवणारे गेले, डीटीपीवाला आला. फोटोशॉप १९९०चं, त्यात लेअर, म्हणजे चित्राचे एकावर एक रचलेले सुटे थर, आले ते १९९४ साली. सुरुवातीची कितीतरी वर्षं आम्ही निम्मे इकडे, निम्मे तिकडे होतो. चित्र कागदावर शाईनं काढायचं, स्कॅन करायचं, रंग तेवढे पडद्यावर भरायचे. शाईचा हात आपला, रंगाचा हात माउसचा. पुढे पेन आणि टॅब्लेट आले, आणि २०१५ नंतर आयपॅडवर थेट काचेवर काढणारी पिढी आली.

हे पेन चालतं कसं, ते पाहण्यासारखं आहे. अनेक टॅब्लेटच्या पोटात तारांची जाळी असते, ती सतत मंद चुंबकीय क्षेत्र सोडत असते. बऱ्याच टॅब्लेटच्या पेनात बॅटरीच नसते, असतं ते तारेचं छोटं वेटोळं. ते त्या क्षेत्रावर डोलतं आणि उलट संकेत पाठवतं. त्यावरून टोक कुठं आहे, किती दाबलंय, पेन किती कललंय हे यंत्राला कळतं. आजच्या टॅब्लेटला दाबाच्या हजारो पायऱ्या समजतात. तरी हाताला पहिल्यांदा चुकल्यासारखं होतं, कारण काच निसरडी. कागदाला दाणा असतो, शिसं त्यावर अडतं, खरडतं, आणि तो खरखराट बोटांना सांगत असतो की आता दाब कमी कर. काचेवर हा निरोप येत नाही. म्हणून लोक खरखरीत फिल्म चिकटवतात, मग पेनाची टोकं झिजतात आणि नवी विकत घ्यावी लागतात. पडदा नसलेल्या साध्या टॅब्लेटवर तर हात टेबलावर आणि डोळे समोर. ती सवय व्हायला वेळ लागतो, पण होते. रेषेचं रडगाणं इथं संपतं. हात शिकतो. हात नेहमीच शिकत आलाय.

रंगाचं थोडं वेगळं आहे. पडदा रंग दाखवतो तो उजेडानं, छापखाना दाखवतो तो शाईनं. पडद्यावर झळाळणारा पोपटी हिरवा चार शायांत उतरत नाही, मळकट होतो. पूर्वी ब्लॉकमेकर आणि मशीनवाला हे काम जाणत. आता चित्रकारानं स्वतः जाणायचं. पूर्वी चार माणसांत वाटलेली जबाबदारी आज एकट्याच्या टेबलावर आली आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. ‘अन्डू’ हे बटण. चुकलं की मागे या. आम्हाला वाटलं, चित्रकाराला केवढं स्वातंत्र्य मिळालं! शाईच्या काळात ही चैन नव्हती. पण शाईच्या काळात आणखी एक गोष्ट होती. रफ मंजूर झालं आणि शाई चढली, की संपादकाचं तोंड बंद. नायिकेचं नाक बदला म्हणणारा संपादक सगळं चित्र पुन्हा काढायला सांगत असे, आणि ते त्यालाही कळत असे, म्हणून तो विचार करून बोलत असे. शाई पुसली जात नव्हती, हेच चित्रकाराचं संरक्षण होतं.

आज फाइल पाठवली की व्हॉट्सॲपवर उत्तर येतं. “सर, पदर जरा निळा करता येईल?” केला. “आई थोडी तरुण दाखवा ना.” दाखवली. “मागचं झाड नको. किंवा असं करा, झाडाचं आणि बिनझाडाचं, दोन्ही पाठवा.” सांगणाऱ्याला यातलं काहीच अवघड वाटत नाही, कारण त्यानं कुठंतरी ऐकलेलं असतं की संगणकावर ते दोन मिनिटांचं काम आहे. दोन मिनिटांचं असेलही, पण ते दहाव्यांदा करताना चित्राचा निर्णय कोणाचा राहिला? आईचं वय चित्रकारानं कथा वाचून ठरवलं होतं. अन्डूचं बटण आपल्या हातात आलं असं आपण समजलो, प्रत्यक्षात ते गिऱ्हाइकाच्या हातात गेलं. पेन्सिलीकडून पडद्याकडे येताना या व्यवसायात झालेला सगळ्यात मोठा बदल मी हा मानतो. जुन्या चित्रांत दिसणारा ठामपणा आज कमी दिसतो, त्याचं कारण काच नाही. चित्र पूर्ण झालं हे जाहीर करण्याचा हक्क चित्रकाराकडे उरलेला नाही, हे आहे.

हाच प्रश्न मूळ चित्राचा. कागदाच्या काळातही मूळ चित्रं नीट जपली गेली असं समजू नका. कितीतरी कार्डं ब्लॉकमेकरच्या टेबलाखाली, छापखान्याच्या माळ्यावर धूळ खात पडली, कसरीनं खाल्ली, पावसाळ्यात बुरसटली. ती परत मागण्याची चित्रकारालाही सवय नव्हती. पण कागद निदान एक होता. तो कोणाकडे आहे, एवढं विचारता येत होतं. आता प्रत आणि मूळ यांत फरक नाही, आणि प्रकाशक काय मागतो? ‘ओपन फाइल’. म्हणजे सगळे लेअर सुटे असलेली फाइल. ती दिली की तुमच्या चित्रातली मुलगी उद्या दुसऱ्या पुस्तकात, परवा दप्तरावर, तेरवा जाहिरातीत दिसेल, आणि तिचा परकर कोणीतरी वेगळाच रंगवलेला असेल.

इथं कायदा थोडा आपल्या बाजूनं आहे, तो माहीत करून घ्या. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं सत्तावन्नावं कलम सांगतं की हक्क विकून टाकले तरी आपलं नाव लावून घेण्याचा आणि आपल्या मानाला बट्टा लागेल अशी मोडतोड रोखण्याचा अधिकार कलावंताकडे राहतो. एकोणिसावं कलम सांगतं की करारात मुदत लिहिली नसेल तर दिलेले हक्क पाच वर्षांचे धरायचे आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते. उलट बाजूही आहे. नोकरीत केलेलं काम मालकाचं, आणि मोबदला देऊन काढून घेतलेल्या रंगचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा. म्हणजे सगळा जोर ‘करार’ या एका कागदावर आहे. चित्र पडद्यावर काढा हवं तर, करार मात्र कागदावर करा.

आता सरांच्या नियमांकडे येतो. पान फाडायचं नाही आणि तारीख घालायची. कागदावर खोडलं तरी वळ राहतो. अन्डूनं वळही राहत नाही. एखाद्या मोठ्या चित्रकाराची कच्ची पानं पाहिली की तो कुठं अडला, काय नाकारलं, कशावर स्थिरावला हे कळतं. शिकणाऱ्यांसाठी पक्क्या चित्रापेक्षा ती पानं मोलाची. आजच्या चित्रकाराची अशी पानं पुढच्या पिढीला मिळतील का? आपण होऊन ठेवली तरच. फ्लॉपीवरची चित्रं गेली, सीड्या वाचता येईनाशा झाल्या, पेजमेकर बंद पडलं, जुन्या फॉन्टमधला मजकूर उघडला की चिन्हांचा गोंधळ दिसतो. कागदाला कसर लागते, फाइलला आवृत्ती बदलल्याची कसर लागते. म्हणून मी मुलांना सांगतो, दर टप्प्याची फाइल वेगळी ठेवा, नावात तारीख घाला, लेअर न उरलेली एक साधी प्रत जपा, दोन ठिकाणी ठेवा, आणि जे चित्र खरंच आपलं वाटतं ते चांगल्या कागदावर छापून ठेवा. चित्रवहीतलं पान न फाडण्याचा नियम तो हाच.

कोण काढतं, याचा हिशेब दोन्ही बाजूंनी मांडला पाहिजे. आधी जमेची बाजू. कथाचित्रकार व्हायचं तर मुंबईत किंवा पुण्यात राहणं जवळजवळ सक्तीचं असे. संपादक तिथं, ब्लॉकमेकर तिथं. आज नाशिकमध्ये कॉलेज रोडला राहून मुलगी चेन्नईच्या किंवा बेंगळुरूच्या प्रकाशकासाठी चित्रं करू शकते. प्रथम बुक्सनं २०१५ साली स्टोरीवीव्हर हा खुल्या परवान्याचा पुस्तकसंग्रह सुरू केला. त्यातली चित्रं चित्रकाराच्या नावासह कोणालाही पुन्हा वापरता येतात. एकाच चित्रमालेवर मराठीत आणि इतर भाषांत पुस्तकं उभी राहतात. घरात लहान मूल आहे म्हणून काम सोडावं लागलेल्या बाईला स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून व्यवसाय करता येतो. ही किरकोळ गोष्ट नाही.

आता खर्चाची बाजू. ब्लॉकमेकर गेला, त्याची जात आता दिसतही नाही. आपल्या मेन रोडवरच्या, रविवार कारंज्याजवळच्या दुकानांच्या पाट्या आठवा. प्रत्येक पाटीखाली कोपऱ्यात पेंटरची सही असे, आणि जाणकार लांबून सांगत की हा अमक्याचा ‘र’. फ्लेक्स आला आणि ते हात काही वर्षांत रिकामे झाले. त्यांना कोणी टॅब्लेट शिकवला नाही. आणि साधनाची किंमत? पेन्सिल काही रुपयांची, कॅम्लिनची रंगपेटीही मध्यमवर्गाला झेपणारी. पडद्याचा चांगला टॅब्लेट हजारांत जातो, वर दरमहा भाड्यानं घ्यायचं सॉफ्टवेअर. ॲडोबीनं २०१३पासून नव्या आवृत्त्या फक्त वर्गणीवर द्यायला सुरुवात केली. महिन्याचे पैसे भरले नाहीत तर आपलीच फाइल आपल्याला नीट उघडता येत नाही. फाळक्यांचे भागीदार गेले, हे नवे भागीदार आले. क्रितासारखं विनामूल्य, खुलं सॉफ्टवेअर आहे, एकदाच पैसे घेणारंही आहे, हे मुलांना शिक्षकांनी सांगायला हवं. सुरगाण्याच्या आश्रमशाळेतल्या पोरानं ‘टॅब नाही म्हणून चित्रकार नाही’ असं मानलं, तर सवाष्णींच्या भिंतीपासून सुरू झालेला हा प्रवास उलटा फिरेल.

२०२२पासून आणखी एक साधन आलं आहे. वाक्य लिहा, चित्र मिळवा. पुस्तकांची मुखपृष्ठंही तशी निघू लागली आहेत. याला मी टॅब्लेटच्या पुढची पायरी मानत नाही. टॅब्लेटवर कोणीतरी काढतं. या नव्या साधनात माझ्या तीन प्रश्नांपैकी पहिल्यालाच उत्तर नाही. ज्या असंख्य चित्रांवर ते यंत्र शिकलं त्यांच्या चित्रकारांना कोणी विचारलं नाही, आणि दुरुस्ती सांगायला मात्र मर्यादाच नाही. प्रकाशकांना माझी एवढीच विनंती आहे: असं चित्र वापरलंत तर पुस्तकात तसं छापा. वाचकाला कळू द्या.

मुलं नेहमी विचारतात, टॅब्लेट घेऊ की आधी कागदावर हात बसवू? मी सांगतो, दोन्ही करा, पण कागदाचं काम भावुकपणानं करू नका, प्रशिक्षण म्हणून करा. गोदाघाटावर चित्रकार शिवाजी तुपे यांनी जलरंगात केलेली चित्रं पाहा. ओल्या कागदावर रंग टाकला की तो आपल्या चालीनं पसरतो, वाळला की वाळला. उन्हं सरकायच्या आत नारोशंकराच्या देवळाची सावली कुठं थांबवायची, ते ठरवावंच लागतं. शाई आणि जलरंग थांबायला शिकवतात. टॅब्लेट ते शिकवत नाही, कारण त्याला थांबण्याची गरजच नाही. थांबायचं कुठं हे ज्याला कळतं तोच गिऱ्हाइकाला म्हणू शकतो, “एवढ्यावर चित्र पूर्ण आहे.”

आणि हे नुसतं मनात म्हणून चालणार नाही, लिहून घ्या. रफ मंजूर झाल्यावर दुरुस्त्या किती, त्यापुढे प्रत्येक दुरुस्तीला किती पैसे, ओपन फाइल द्यायची की नाही, नाव कुठं छापायचं, हक्क किती वर्षांचे. एका पानात मावतं. शाईनं फुकट दिलेलं संरक्षण आता शब्दांत मागून घ्यावं लागेल. चित्रकला महाविद्यालयांनी शेवटच्या वर्षाला या एका पानाची एक तासिका ठेवावी, अशी सूचना मी या व्यासपीठावरून करतो. देहरचना आणि रंगसिद्धांताच्या जोडीला हाही अभ्यासाचाच भाग आहे.

मला दिलेली वेळ झाली. आता प्रश्न घेऊ. पहिला प्रश्न मुलांपैकी कोणीतरी विचारावा, आणि तो पैशांविषयी असला तरी संकोच करू नका.